आक्का, काल तुझ्या गाडीची बॅटरी काढली

प्रिय आक्का,

काल तुझ्या गाडीची बॅटरी काढली. वर्षभर ज्या गाडीला मी कुणाला हात लावू दिला नाही, तिची बॅटरी मीच माझ्या हातानं सोडवली. हे कुणाला तरी सांगावं असं सकाळपासून वाटतंय. शोभाला सांगायला लागलो तर ती म्हणाली, "आवं, मी तिथंच तर हुबी होते." तेही खरंच. मग म्हणलं, जिची गाडी तिलाच सांगू.

उद्या तुला जाऊन वर्ष होतंय, तुझं पुण्यानुमोदन. विहार झाडून झालाय, भंतेजींना निरोप गेलाय, पाहुण्यांचे फोन यायलेत. आज दुकान बंद आहे. वेल्डिंगच्या मशीनवर पोतं टाकून शेडमधल्या बाकड्यावर बसून लिहितोय. अक्षर वाकडंतिकडं येतंय. तू असतीस तर वाचायच्या आधी लाल पेन हातात घेतला असतास.

मी या धंद्यात कसा आलो, ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे का? मी शाळेत होतो तेव्हा तुझ्या डाव्या पायाचं लोखंडी कॅलिपर गुडघ्यापाशी तुटलं. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, कॅलिपरशिवाय तुला उभंच राहता येत नव्हतं. बाबा कामावर गेलेले. मी ते कॅलिपर पिशवीत घालून मानवतच्या बसस्टँडसमोरच्या वेल्डिंगच्या दुकानात नेलं. मिस्त्रीनं काळी काच माझ्या हातात दिली आणि म्हणाला, बघायचं तर यातून बघ. मी बघितलं. दोन तुटलेले तुकडे डोळ्यांदेखत एक झाले. घरी आणलं तर तू ते पायात चढवलंस, भिंत धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आधीपरीस बरं झालं की रे." दहावीनंतर मी त्याच दुकानात जाऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं पोटासाठी गेलो. पोटासाठी तर होतंच, पण ते आधीच ठरलं होतं.

तू डी.एड. करून वाडीच्या शाळेत बाई झालीस. पंचफुलाबाई. गावात तुला कुणी आक्का म्हणलेलं तुला आवडायचं नाही. "आक्का घरात, शाळेत बाई," म्हणायचीस. किती वर्षं त्या मागं जोडचाकं लावलेल्या स्कूटरवरनं गेलीस! उन्हाळ्यात ठीक होतं. पावसाळ्यात त्या काळ्या रस्त्यावर चाकाला चिखल असा बसायचा की स्कूटर जागची हलायची नाही. एकदा ती ओढ्याच्या उतारावर कलंडली आणि तू खाली सापडलीस. ट्रॅक्टरवाला आला म्हणून वाचलीस. मी पळत आलो तेव्हा तू रस्त्याच्या कडेला बसून साडीवरचा चिखल पुसत होतीस. रडली नव्हतीस. मला बघून एवढंच म्हणालीस, "मिलिंदा, आता मला चार चाकाचं कायतरी बघ."

मला वाटलं, ड्रायव्हर ठेवायचं म्हणतेस.

"ड्रायव्हर कशाला? मीच चालवीन. हातानं."

गाडीही तूच शोधलीस. क्लच नसलेली जुनी पांढरी गाडी परभणीत मिळाली. हाताच्या दांड्याचा संच पुण्याहून मागवलास. दांडा पुढं ढकलला की ब्रेक, खाली ओढला की रेस. परिवहन ऑफिसात खेटे घालून त्याचे कागदही तूच केलेस. पण त्या दांड्याला खालून आधार लागत होता, तो गाडीच्या तळाच्या पत्र्यालाच जोडायचा होता. शिवाय कॅलिपरमुळं तुझे पाय ताठ राहायचे, म्हणून सीट पार मागं आणि जरा वर घ्यायची होती. दोन्ही कामं वेल्डिंगची. आणि मी नाही म्हणलं.

काय करू? माझं आयुष्य गेलं नांगर, ट्रॉल्या आणि लोखंडी गेट जोडण्यात. नांगराला मशीन लावलं तर काय बिघडणार? ही आजकालची गाडी म्हणजे पत्र्याच्या आत नुसत्या वायरी आणि कंप्युटर. आपल्याच रोडवर एका शेडमध्ये जीपच्या बॉडीला रॉड टेकवला आणि जीप तिथंच मेली, ते मी बघितलं होतं. बॅटरी जोडलेली होती, करंट नको तिथून फिरला. ती जीप दोराला बांधून परभणीला नेली. तुझ्या गाडीचं तसं झालं तर? आणि त्याच्यापेक्षा वाईट, तेव्हा काहीच झालं नाही आणि पुढं एखाद्या दिवशी रस्त्यात ऐनवेळी काही बंद पडलं तर?

तुला हे सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस.

"लय भितूस तू," म्हणालीस.

"मंग? भ्यायचं न्हाई का?"

"भी की. बेफिकीर माणसाकडं न्यायची असती तर तुला कशाला विचारलं असतं?"

दुसऱ्या दिवशी तू गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन बसलीस. पुस्तकात वेल्डिंगचं फार नव्हतं. एवढंच होतं की सीटच्या आसपास आणि एअरबॅगच्या वायरीजवळ माहितगाराशिवाय हात लावू नका. मग तू म्हणालीस, माहितगार बघू. तो माहितगार म्हणजे आपले हमीदभाई, मोंढ्याजवळ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात ते. तूच त्यांना फोन लावलास.

तो दिवस मला अजून पाठ आहे. लिंबाखाली खुर्ची टाकून तू बसलेली, मांडीवर पुस्तक, आम्ही दोघं समोर, जसे काही तुझ्या वर्गातले. हमीदभाईंनी सांगितलं की किल्ली काढून खिशात ठेवायची, मग बॅटरीची मायनस वायर आधी सोडायची, प्लस नंतर.

तू लगेच विचारलंस, "मायनस आधी का?"

हमीदभाई हसले. "बाई, गाडीची आख्खी बॉडी मायनसला जोडलेली हाय. प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडती. मायनस आधी काढली की तो धोकाच न्हाई."

"कळलं का मिलिंदा?" तू म्हणालीस. मला हे कधीचं माहीत होतं, तरी मी मान हलवली.

बॅटरी काढल्यावर तू पुस्तकातलं वाचून दाखवलंस की एअरबॅगच्या यंत्रात थोडा करंट साठून राहतो, तो उतरेपर्यंत थांबा. आम्ही चहा घेतला. मग सीट बाहेर काढली. सीटखाली पिवळ्या वायरी निघाल्या. हमीदभाई म्हणाले, पिवळं दिसलं की समजायचं एअरबॅग, त्याला ओढाताण नको. त्यांनी ते प्लग हळूच सोडवले, कंप्युटरचे प्लग सोडवले, तळाचं कारपेट गुंडाळलं. मी पत्रा घासून पांढरा केला आणि अर्थिंगचा क्लॅम्प जिथं टाका मारायचा तिथून वीतभर अंतरावर लावला. बंपरला लावला असता तर करंट आख्ख्या गाडीतून फिरून आला असता. जवळ लावला की तिथल्या तिथं जातो आणि येतो. काचेवर आणि डॅशबोर्डवर ओली पोती टाकली. मग बारीक रॉडनं एकेक टाका मारत गेलो. टाका मारायचा, हात लावून पत्रा किती तापला ते बघायचं, पुन्हा थोडं थांबायचं.

सगळं जोडून किल्ली फिरवली तेव्हा गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. तू पुस्तक मिटून पिशवीत ठेवलंस आणि म्हणालीस, "आता मला आत बसव."

त्या गाडीनं तुला काय दिलं, ते मी बाहेरून बघितलं. शाळेत तू सगळ्यांच्या आधी पोचायचीस. गाडीतलं घड्याळ मुद्दाम पुढं लावून ठेवलं होतंस. मी एकदा म्हणलं, तुला माहीतच हाय की ते पुढं हाय, मग उपयोग काय? तर म्हणालीस, "सकाळच्या घाईत ध्यानात राहत न्हाई, त्याचाच उपयोग." शोभाला घेऊन सेलूला लग्नाला गेलीस. आईला तिच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तूच न्यायचीस, माझ्या मोटरसायकलवर ती बसेना.

पण एक विचारू? दम लागतोय हे तू का सांगितलं नाहीस? शाळेतल्या दुसऱ्या बाई नंतर म्हणाल्या की फळ्यावर लिहिताना तू मधेच थांबायचीस. पोलिओनं वाकलेल्या पाठीनं फुप्फुसाला जागाच ठेवली नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. साधा ताप आला आणि निमोनिया झाला. इतक्या बारीकसारीक गोष्टी मला विचारणारी तू, स्वतःचं एवढं मोठं दुखणं गिळून बसलीस. याचा मला अजून राग येतो आक्का. कुणावर काढू?

परभणीच्या दवाखान्यात तोंडावरचा मास्क बाजूला करून तू मला विचारलंस, "गाडी चालू करून ठेवतोस का रे? उभी राहिली की बॅटरी उतरती." मी म्हणलं, करतो. आणि करत राहिलो. तू गेल्यावरसुद्धा. दर रविवारी गाडीवरचं कापड काढायचं, आत बसायचं, चालू करायची, थोडा वेळ तसंच बसायचं. किल्ली फिरवली की टेपच्या पडद्यावर तुझ्या फोनचं नाव यायचं, पंचफुला. गाडी तुझा फोन शोधायची. शोधत राहायची. मग पडद्यावर यायचं, सापडला नाही. बाजूला तुझं ते पुढं पळणारं घड्याळ. मी ते बघत बसायचो. शोभा दारातून बघायची आणि आत जायची.

आपली पोरगी सुमेधा नर्स झाली, हे तू बघून गेलीस. या पावसाळ्यात तिला सेलूच्या दवाखान्यात नोकरी लागली. सकाळच्या पाळीला पोचायला एसटी मिळत नाही. ती म्हणाली, "बाबा, आक्काची गाडी न्यायची का?"

मी म्हणलं, "ती तुला चालवता यायची न्हाई. त्यात दांडा हाय."

"दांडा असला म्हणून काय झालं? खाली पायाचं ब्रेक हायच की."

एका रविवारी मला न विचारताच तिनं गाडी गल्लीत काढली. सीट इतकी मागं, की तिचा पाय कसाबसा पोचत होता. वळणावर ब्रेक दाबायला गेली तर पाय त्या दांड्याच्या आधाराखाली अडकला. गाडी हळू होती म्हणून समोरच्या कट्ट्याला नुसती टेकली. कट्ट्यावर शेजारची म्हातारी बसायची, ती नेमकी आत गेलेली होती. मी धावत गेलो. पोरगी स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती. मी ओरडलो नाही. गाडी ढकलत आत आणली आणि कापड टाकलं.

संध्याकाळी शोभा म्हणाली, "एक तर ती काढून टाका, न्हाईतर पोरीला चालवता येईल अशी करा. मधल्यामधी ठिवू नका. आक्का आसती तर तिनं काय केलं आसतं?"

तू काय केलं असतंस, ते मला माहीत होतं.

चार दिवसांनी हमीदभाईंना बोलावलं. दांडा काढायचा, त्याचा तळातला आधार कापायचा, सीट परत मूळ जागी जोडायची. म्हणजे पुन्हा ग्राइंडर, पुन्हा वेल्डिंग, आणि त्याआधी बॅटरी. काल सकाळी ते आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं.

"भाई, तुमच्याकडं ती डबी हाय ना? बॅटरी बदलताना लावता ती, घड्याळ-बिड्याळ पुसू नये म्हणून?"

"हाय की."

"ती लावून काम करता येईल का? घड्याळ आणि नाव तेवढं ठिवायचं होतं."

कशाचं नाव, ते त्यांनी विचारलं नाही. मग सावकाश म्हणाले, "नुसती बॅटरी बदलायची आसती तर लावली आसती. वेल्डिंगला ती लावत न्हाईत, भाऊ. डबी लावली म्हंजी वायरीत करंट चालूच ऱ्हातो. तुमी रॉड टेकवला आन् तो कंप्युटरपत्तूर गेला, तर गाडी खलास. बाईंच्या टायमाला आपुन सगळं सोडवलंच हुतं की."

"मग ते जाणार?"

"जाणार. गाडी वाचवायची तर ते जाऊ द्यावं लागतं."

मी एकदा आत बसलो. किल्ली फिरवली. तुझं नाव आलं. गाडीनं तुला शोधलं. सुमेधा खिडकीपाशी उभी होती. "फोटो काढून ठिवू का, बाबा?" म्हणाली. मी नको म्हणलं नाही, पण तिनंच मोबाइल परत खिशात ठेवला. मग मी गाडी बंद केली, किल्ली खिशात घातली, बॉनेट उघडलं आणि पाना घेऊन मायनसची वायर सोडवली. हमीदभाई मान वळवून पोती भिजवायला गेले.

त्यानंतर मात्र काम कामासारखं झालं. थांबलो, चहा घेतला, सीट काढली, पिवळे प्लग सोडवले. मी मारलेले टाके मीच कापले. चांगले बसले होते गं, ग्राइंडरला दाद देत नव्हते. पत्र्याला पडलेली भोकं भरली, घासली, रंग मारला. सीट तिच्या जागी गेली. प्लस आधी लावली, मायनस नंतर. सुमेधाला आत बसवलं आणि म्हणलं, फिरव. एअरबॅगचा लाल दिवा लागला. आम्ही सगळे त्याच्याकडंच बघत होतो. विझला. इंजिन चालू झालं. हमीदभाई नुसतं "चला" म्हणाले आणि हात पुसायला लागले.

घड्याळात नुसती शून्यं लुकलुकत होती. टेपच्या पडद्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

सुमेधानं विचारलं, "घड्याळ आक्कासारखं पुढं लावू का?"

मी म्हणलं, "तुझ्या ड्युटीला तू जाणार. तुला पाहिजे तसं लाव." तिनं बरोबर वेळ लावली. मग तिचा फोन जोडला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं, पण पोरगी ब्रेक दाबून बघत होती, पुन्हा पुन्हा दाबून बघत होती, आणि पाय मोकळा फिरत होता. तेवढं बघून मी बाहेर आलो.

आज सकाळी ती सेलूला गेली. पोचल्याचा फोन आला, तेव्हा शोभा आणि मी दोघंही फोनजवळच होतो.

आता शेवटचं. उद्या विहारात मला बोलायला सांगितलंय. मी कधी माइक धरलेला नाही, तुला माहीत आहे. तालुक्याला तुझा सत्कार झाला होता तो दिवस डोक्यात येतोय. शाल, नारळ, भाषणं. परत येताना तू गाडी चालवत होतीस आणि शाल काढून मागच्या सीटवर टाकली होतीस. मी विचारलं, काय झालं? म्हणालीस, "पाच जण बोलले. पाचही जण म्हणाले, अपंग असूनही. असूनही शिकवलं, असूनही नोकरी केली, असूनही गाडी चालवती. माझ्या शाळेतल्या पोरांना मी वाचायला कसं शिकवलं, हे एकानंबी सांगितलं न्हाई." मग समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणालीस, "जाऊ दे, चांगल्या मनानं बोलले."

या आठवड्यात मी वाडीला जाऊन आलो. तुझ्या हातून शिकलेल्यांना भेटलो. एक बाई आता अंगणवाडीत शिकवती, एकजण माझ्यासारखाच लोखंडाचं काम करतो. तू अक्षरं मातीत बोटानं गिरवून घ्यायचीस, चुकलं तर हातानं पुसून म्हणायचीस, पुन्हा काढ, माती कुठं संपली? हे मला त्यांच्याकडून कळलं. घरात तू कधी सांगितलं नाहीस.

उद्या मी तेच सांगणार आहे. माझी जीभ अडखळेल, मराठवाडीच बोलीन, चुकलो तर थांबून पुन्हा बोलीन. पण तुला शब्द देतो आक्का, माझ्या बोलण्यात "असूनही" हा शब्द कुठंच येणार नाही.

तुझा,
मिलिंदा